टेस्टर न पेटवणारी तार

गेली छत्तीस वर्षं माझ्या शर्टाच्या खिशाला टेस्टर अडकवलेला आहे. आमच्या घरातले बाकी सगळे कचेरीत बसणारे. वडील तहसीलमध्ये कारकून, थोरला भाऊ जिल्हा परिषदेत. त्यांच्या खिशाला पेन आणि माझ्या खिशाला टेस्टर. पुढे पुढे तर दिग्रसमध्ये लोक वडिलांना ‘मुकुंद वायरमनचे वडील’ म्हणून ओळखायला लागले. त्यांना ते मुळीच आवडायचं नाही. मला फार आवडायचं.

ज्यांनी टेस्टर कधी हातात धरला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तो दिसायला स्क्रू-ड्रायव्हरसारखा असतो, मुठीत बारीकसा दिवा असतो. टोक तारेला लावायचं आणि मागच्या बाजूला बोट ठेवायचं. दिवा पेटला तर तार जिवंत, नाही पेटला तर मेली. माझ्या धंद्यातलं पहिलं वाक्य हेच, आणि या एका वाक्याच्या जोरावर मी निम्म्या तालुक्यात उजेड पाडला. ते वाक्य अर्धंच खरं आहे हे मला चव्हाणबाईंच्या घरी कळलं, तेही भर दुपारी, धूर काढून.

चव्हाणबाईंकडे जाण्याआधी डिमरबद्दल थोडं सांगायला हवं. पूर्वी आमच्या भागात उजेड कमी-जास्त करायची हौस कोणाला नव्हती. लाइट आहे की गेली, एवढाच प्रश्न असायचा. मग घरोघरी एलईडी आले, पीओपीची छतं आली, आणि लोकांना थेटरातल्यासारखा मंद होणारा उजेड हवा झाला. वणीच्या एका ट्रकमालकाने तर पंख्याच्या रेग्युलेटरवर हॉलचे चोवीस एलईडी स्वतःच जोडून घेतले होते. बटन फिरवलं की सगळे दिवे गणपतीच्या आरासीसारखे लुकलुकायचे. दुरुस्त करायला मला बोलावलं, पण मी पोचेपर्यंत त्यांच्या नातवंडांना ते एवढं आवडलं होतं की त्यांनी मला जेवायला घालून परत पाठवलं. दारव्ह्याच्या एका अडत्याच्या देवघरात डिमर लावल्यापासून गुणगुण ऐकू यायची. त्या घरची मंडळी दोन दिवस भुंगा शोधत होती. भुंगा दिव्यातच होता आणि तो डिमर मी लावला होता.

हे असं का होतं, हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. माहीत नाही असं मी कोणाला सांगतही नव्हतो. ‘कंपनीचा माल हलका येऊन राह्यला’ हे आमच्या धंद्यातलं ठेवणीतलं उत्तर आहे, ते देऊन मी मोकळा व्हायचो.

चव्हाणबाई दिग्रसपासून थोड्या अंतरावरच्या एका बंजारा तांड्यात राहतात. त्याच तांड्यात जन्मल्या, शिकल्या आणि तिथल्याच शाळेत मास्तरीण झाल्या. नवरा वारल्यावर घरात एकट्याच. मुलगा विनोद पुण्याला इंजिनीअर. निवृत्तीनंतर बाईंच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार जडला. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती सांभाळा. नेमका त्याच हिवाळ्यात मोरीच्या उंबऱ्याला त्यांचा पाय अडखळला आणि मनगट मोडलं.

मला बोलावणं आलं तेव्हा हात अजून प्लॅस्टरमध्ये होता.

“मुकुंदभाऊ, लख्ख उजेड केला की मले सगळं पांढरं दिसते,” बाई म्हणाल्या, “अन् कमी केला की काळं. मले मधातला उजेड पाह्यजे. अन् तो मधातला उजेडही रोज एकसारखा नसते. आज इतका लागते, उद्या तितका.”

विनोदशी माझं फोनवर बोलणं झालं. पोरगा चांगला आहे, आईची काळजी खरी आहे. तो म्हणाला, “काका, तिले आता एकटं ठेवणं जमत नाही. मी होळीले येतो अन् घेऊन जातो. तोवर काय करायचं ते करा.” मोबाइलवर चालणारे बल्ब पाठवतो, असंही म्हणाला.

बाईंनी ते ऐकलं आणि मान हलवली. “मोबाइलवर बोट कुठं ठेवू? काच तर मले सगळी सारखीच लागते. हाताले लागन असं गोल बटन द्या.” मग जरा थांबून म्हणाल्या, “या घरातली एकूणएक वस्तू मले पाठ हाय. इथं मले कमी दिसते, भाऊ. पुण्याले गेली तर मी आंधळी होईन.”

मी आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली. हॉल चांगला दिसावा, पाहुण्यांनी वाहवा करावी, शेजाऱ्याची जिरावी, म्हणून लोक दिवे लावतात. स्वतःच्या घरात राहता यावं म्हणून दिवे मागणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. होळीला दीड महिना होता. मी म्हटलं, “बाई, चार दिवसात करून देतो.” चार दिवस म्हणायची मला सवयच आहे.

स्वयंपाकघर, माजघर, ओसरी आणि मोरीकडची वाट, अशा चार ठिकाणी मी एलईडी पॅनल बसवले आणि दुकानात होते तेच डिमर लावले. पंख्याचे रेग्युलेटर नव्हते हो ते, तेवढा अडाणी मी नाही. पण जात जुन्या पिवळ्या बल्बच्या काळातली. बटन फिरवलं की उजेड कमी व्हायचा. मी खूश. बाई मात्र दोन दिवसांनी म्हणाल्या, “भाऊ, उजेड थरथरून राह्यला. माहं डोकं दुखते.”

मी खुर्चीवर चढलो, दिव्याकडे टक लावून पाहिलं. उजेड मला स्थिर दिसला. आणि मी बोलून गेलो, “बाई, दिवा ठीक हाय. तुमच्या डोयाचं असन.”

त्या “असन” एवढंच म्हणाल्या. जिची नजर जात चालली आहे तिला मी तिच्याच नजरेवर शंका घ्यायला लावली. त्याची मला आजही लाज वाटते.

वर शहाणपणा असा की, दिवा स्थिर आहे हे विनोदला दाखवावं म्हणून मी मोबाइल काढला. कॅमेरा दिव्यावर धरला तर पडद्यावर काळे पट्टे सरकत होते, वरून खाली, एकामागून एक. मी दुसऱ्या खोलीत जाऊन पाहिलं. तिथेही तेच. माझ्या डोळ्याला न दिसणारी थरथर कॅमेऱ्याला दिसत होती आणि बाईंच्या आजारी डोळ्यालाही जाणवत होती. खोटा ठरलो तो मीच. मी चारही डिमर काढले, साधी बटनं लावून दिली आणि बाईंना म्हटलं, “तुमी बरोबर होत्या.” हे वाक्य म्हणायची मात्र मला सवय नाही.

मग मी नागपूरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला गाठलं. त्याने फोनवर मला जे समजावलं ते मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावतो. जुना बल्ब साधाभोळा. त्याला वीज तुकडे करून कमी दिली की तो मुकाट्याने मंद व्हायचा. एलईडीचं तसं नाही. त्याच्यामागे एक डबी असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. घरातली वीज घेऊन दिव्याला लागेल तशी करून देणं हे त्या डबीचं काम. तिच्याकडेच वीज तुकड्यातुकड्यांनी यायला लागली तर ती गोंधळते, मग दिवा थरथरतो नाहीतर गुणगुणतो. म्हणून काही ड्रायव्हरला आणखी दोन बारीक तारा दिलेल्या असतात. मुख्य वीज पूर्णच्या पूर्ण ड्रायव्हरकडे जाते आणि या बारीक तारा भिंतीवरच्या गोल बटनाकडे येतात. त्यांच्यात जेमतेम दहा व्होल्ट. बटन फिरवून ते दहाचे पाच केले की ड्रायव्हर उजेड निम्म्यावर आणतो, एक केला की अगदी मंद. स्वयंपाक करणारीला पीठ कमी देऊन उपयोग नाही. पीठ भरपूर द्यावं आणि भाकरी किती थापायच्या ते सांगावं, तसं हे आहे.

घरासाठी असा डिमर निवडताना काय पाहायचं, तेही सांगून टाकतो. आधी ड्रायव्हरवर वाचायचं की तो या दहा व्होल्टांच्या जातीचा आहे का. नुसतं ‘डिमेबल’ लिहिलेलं पुरत नाही, कारण जाती अनेक आहेत. डिमरही त्याच जातीचा हवा, आणि एका डिमरवर किती ड्रायव्हर चालतील ते त्याच्या कागदावर दिलेलं असतं. बारीक तारा मुख्य विजेच्या पाइपात कोंबायच्या नाहीत, त्यांची वाट वेगळी ठेवायची. म्हणून घर बांधतानाच हा विचार केला तर बरं, नाहीतर भिंतीवर पट्टी मारावी लागते. आणि बहुतेक ड्रायव्हर बटन शेवटापर्यंत फिरवलं तरी पूर्ण विझत नाहीत, थोडा उजेड ठेवतातच. विझवायला वेगळं बटन द्यावं लागतं. नाहीतर गिऱ्हाईक रात्री फोन करून विचारतं की दिवा बंद काहून होत नाही.

तर मी नागपूरहून चार ड्रायव्हर आणि त्यांच्याच जातीचे चार डिमर मागवले. भिंतीवर पट्ट्या मारल्या, तारा ओढल्या. डब्यांसोबत बारीक अक्षरातला एकेक कागद आला होता. तो मी घडी न उघडताच डब्यात ठेवला. कागद वाचून जोडणी करणं नवशिक्याचं काम, असं मी मानायचो.

ओसरीचा दिवा जोडला, मुख्य लाइन दिली, दिवा लागला. मग मोकळ्या दोन बारीक तारांना सवयीने टेस्टर लावला. पेटला नाही. दुसऱ्या तारेला लावला. तीही मेलेली. फोनवर ऐकलेले दहा व्होल्ट टेस्टरसमोर मला आठवलेच नाहीत. मी मनात म्हटलं, या डिमरला सप्लायच नाही, मग तो चालेल कसा? माजघरात पाहिलं, तिथेही तेच. कुठल्याही वायरमनने अशा वेळी जे केलं असतं तेच मी केलं. मेन बंद केलं, दोन्ही खोल्यांमध्ये मुख्य विजेच्या दोन्ही तारा, फेज आणि न्यूट्रल, आणून त्या बारीक तारांना जोडल्या आणि मेन चालू केलं.

दोन फटाके फुटावेत तसा आवाज झाला. ओसरी आणि माजघर, दोन्हीकडचे दिवे गेले, छतातून धूर आला आणि घरभर करपल्याचा वास सुटला. बाई स्वयंपाकघरात चहा करत होत्या. त्या भिंतीला हात लावत लावत ओसरीवर आल्या.

“भाऊ, तुमाले तर काही झालं नाही ना?” त्यांनी आधी हे विचारलं.

मी म्हटलं, “मले काही नाही झालं. माल हलका निंगाला, बाई.”

“कागद होता ना संगं? मघाशी सळसळला. वाचला का?”

मी डब्यातून कागद बाहेर काढला. छत्तीस वर्षांनी मला शाळेत उभं केल्यासारखं झालं.

“आणा इकडं,” त्या म्हणाल्या. मग त्यांच्याच लक्षात आलं की ती अक्षरं त्यांना दिसणार नाहीत. “नाही, तुमीच वाचा. मोठ्यानं वाचा.”

मी ओसरीच्या पायरीवर बसलो आणि चष्मा लावून वाचू लागलो. इंग्रजी माझं बेताचं, बाईंचंही फार नाही. एकेक शब्द मी अडखळत वाचायचो आणि बाई म्हणायच्या, “पुन्हा.” मी पुन्हा वाचायचो. शेजारची दोन म्हातारी माणसं येऊन बाजूला बसली होती. मुकुंद वायरमन धडा वाचतो आहे हे पाहण्यासारखं होतंच.

“दहा व्होल्ट म्हंजे किती?” बाईंनी विचारलं.

“म्हंजे… रेडिओचे सहा-सात सेल एकापुढं एक ठेवले तं होतात तितके.”

“अन् सेलले टेस्टर लावला तं पेटते का?”

“नाही पेटत.”

“मंग या तारेले कसा पेटन? तार मेलेली नव्हती, मुकुंदभाऊ. तिचा आवाज बारीक होता.”

त्या एवढं म्हणून चहा ओतायला गेल्या. मी बसून राहिलो. त्या तारांमध्ये दहा व्होल्ट ड्रायव्हर स्वतःच सोडत होता. त्यांना मी वरून दोनशे तीस दिले होते. माझा टेस्टर काही खोटं बोलला नव्हता. तो फक्त मोठ्या विजेसाठी होता, आणि मी त्याला सर्वज्ञ करून ठेवलं होतं.

संध्याकाळी विनोदचा फोन आला. दिवे गेल्याचं त्याला शेजाऱ्यांकडून कळलं होतं. तो चिडला नाही, पण म्हणाला, “काका, राहू द्या आता. तिकीट काढून ठेवलं मी दोघायचं.” होळीला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी स्वतः नागपूरला गेलो आणि दोन ड्रायव्हर घेऊन आलो. येताना गाडीत कागद दोनदा वाचला. टेस्टर खिशाला होताच, पण पिशवीत मीटर घेतला होता, आकडा दाखवणारा. तो माझ्याकडे बारा वर्षं होता आणि मी तो फक्त बॅटऱ्यांसाठी वापरायचो.

या वेळी आधी मेन बंद करून एकेक जोड तपासला आणि सुरू केल्यावर बारीक तारांना मीटर लावला. दहा व्होल्टांच्या आसपास आकडा आला. एवढ्याशा आकड्याने इतकं बरं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. तीन दिवे लगेच ताब्यात आले. स्वयंपाकघरातला मात्र कसंही बटन फिरवलं तरी मंदच राहिला. जुना मी असतो तर पकड घेऊन तुटून पडलो असतो. मी खाली बसून कागद उघडला. जांभळी तार जांभळीला आणि करडी करडीला, असं चित्र होतं. माझ्या हातून अदलाबदल झाली होती. मी तारा बदलल्या आणि दिवा वर आला.

“बाई, फिरवा,” मी म्हटलं.

त्यांनी बटन हळूहळू फिरवलं. उजेड चढला, उतरला, पुन्हा चढला. मी मोबाइल धरून पाहिलं, पट्टे नव्हते. बाई एका जागी थांबल्या, पुढे पाहिलं, मागे थोडं फिरवलं. “हं,” म्हणाल्या. “ओटा दिसला. ओट्यावरची कपबशी दिसली.” मग त्या मोरीच्या उंबऱ्यापर्यंत चालत गेल्या आणि भिंतीला हात न लावता परत आल्या. मी मीटर पुसून पिशवीत ठेवला.

तांड्याची होळी पहाटे पेटते. धुळवडीला जेवायला यायचं बाईंनी मला बजावून ठेवलं होतं. मी दुपारी पोचलो तेव्हा बाहेर डफ आणि होळीची लेंगी गाणी चालू होती, आणि विनोद ओसरीवर बसला होता. त्याच्याजवळ एक मोठी बॅग होती, आईचे कपडे न्यायला आणलेली.

“काका, बटनं पाह्यली का तुमी?” त्याने विचारलं.

मी आत जाऊन पाहिलं. प्रत्येक गोल बटनाभोवती काचकशिद्याच्या कापडाची चकती चिकटवलेली होती आणि तिच्यावर तीन ठिकाणी कवड्या शिवलेल्या होत्या. तांड्यातल्या जुन्या बाया ओढणीला, पिशवीला शिवतात तशाच कवड्या. पहिल्या जागी एक, दुसऱ्या जागी दोन, तिसऱ्या जागी तीन. बोटाने चाचपलं की उजेड कुठे आहे ते कळत होतं. बाईंनी ते शेजारणीकडून शिवून घेतलं होतं. हे एकाही कंपनीच्या कागदात नाही आणि मला छत्तीस वर्षांत सुचलं नव्हतं.

“आज पहाटे भांड्याचा आवाज आला म्हणून मी उठलो,” विनोद माझ्या मागे आत येऊन सांगू लागला. आईला तो याडी म्हणतो. “याडी चहा करून राह्यली होती. मी दारात उभा होतो, तिले माहीत नव्हतं. तिनं बटन दोन कवड्यांवर आणलं, उंबरा ओलांडला, पाणी घेतलं, परत आली. कुठंच हात लावला नाही तिनं.” त्याने कवड्यांवरून बोट फिरवलं. “मी तिच्यासाठी पुण्याच्या घरात खोली रंगवून घेतली, काका. पन हे नाही सुचलं मले.”

एक तिकीट त्याने सकाळीच रद्द केलं होतं.

बॅग रिकामी गेली नाही. बाईंनी तिच्यात तुरीची डाळ भरली, पापड भरले, सुनेसाठी कशिद्याची पिशवी भरली. दिवस मावळला तेव्हा जीप आली. मीही त्याच जीपने दिग्रसला निघालो होतो. विनोद पाया पडला. “दर रविवारी फोन करीन, याडी,” म्हणाला. बाई म्हणाल्या, “कर. अन् दिवाळीले सगळ्यायले घेऊन ये. मी नाही येत.”

जीप वळणापर्यंत गेली तेव्हा विनोदने मागे वळून हात हलवला आणि तसाच खाली घेतला. एवढ्या लांबून आईला तो दिसणार नव्हता, हे त्याला आठवलं असावं. तेवढ्यात ओसरीचा दिवा झगझगीत झाला. मग हळूहळू मंद झाला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. जीपच्या ड्रायव्हरने विचारलं, “लाइनमधे काही बिघाड हाय का मुकुंदभाऊ?”

“नाही,” मी म्हटलं. “बाई निरोप देऊन राह्यल्या.”

विनोदने जीप थांबवायला सांगितली. आम्ही तिघे खाली उतरून उभे राहिलो. उजेड आणखी एकदा चढला, मग उतरत उतरत पहिल्या कवडीपाशी आला आणि तिथेच राहिला. त्या उजेडात बाई वळल्या आणि भिंतीला हात न लावता घरात गेल्या.